गिझाची तिसरी रात्र : पाहुण्याच्या तालात शिरलेला बँड

मंद्र (धागालेखक)

डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले, तेव्हा अनेकांनी केले तेच मीही केले. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे एकेक करून बाहेर काढली आणि रात्री जागून ऐकली. त्यात १९७६ सालची ‘दिगा’ ही तबकडी होती. कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथे अली अकबर खाँसाहेबांच्या संगीत महाविद्यालयात झाकीरभाई शिकवत असताना त्यांच्या विद्यार्थ्यांमधून ‘तालवाद्य ऱ्हिदम बँड’ उभा राहिला, ग्रेटफुल डेड या बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट त्यात सामील झाले आणि पुढे त्याचेच नाव ‘दिगा ऱ्हिदम बँड’ झाले. या तबकडीवर अकरा जण वाजवतात आणि जवळजवळ सगळी वाद्ये तालाची आहेत. तिच्यातल्या एका रचनेवर मी अडकलो. त्या रचनेत ग्रेटफुल डेडचे गिटारवादक जेरी गार्सिया यांची गिटार आहे आणि पुढे शब्द मिळाल्यावर तीच रचना ग्रेटफुल डेडच्या मैफलींमध्ये ‘फायर ऑन द माउंटन’ या नावाने वर्षानुवर्षे वाजत राहिली. तिचा माग काढता काढता मी १६ सप्टेंबर १९७८ च्या रात्रीपाशी, इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांसमोर जाऊन पोहोचलो. हा धागा त्या रात्रीतल्या एका छोट्या भागाविषयी आहे.

ज्यांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जॅम बँड म्हणजे असा बँड, ज्याची गाणी ठरलेली असतात, पण गाण्याच्या पोटात शिरल्यावर पुढे काय होईल हे ठरलेले नसते. बंदिश तीच असली तरी रोजची बढत निराळी असते, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. ग्रेटफुल डेड हा या प्रकारातला मूळपुरुष म्हणावा असा बँड. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तो सुरू झाला आणि १९९५ मध्ये गार्सिया यांच्या निधनापर्यंत चालला. त्यात बिल क्रॉइट्समन आणि मिकी हार्ट असे दोन ड्रमवादक होते. हार्ट यांच्यावर झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्या लयकारीचा खोल परिणाम झालेला होता. १९६८ च्या सुमारास बँडने अकरा मात्रांचे एक गाणे बांधले, त्यात तीन-तीन-तीन-दोन अशी विभागणी होती. रॉकच्या चार मात्रांच्या सरळ रस्त्यावरून चालणाऱ्या मंडळींनी हे करणे त्या काळात सामान्य नव्हते.

१९७८ च्या सप्टेंबरात १४, १५ आणि १६ या तीन रात्री या बँडने गिझाच्या ध्वनिप्रकाश रंगमंचावर वादन केले. समोर वाळवंट, पाठीमागे स्फिंक्स आणि पिरॅमिड. मिळकत इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याला आणि एका सेवाभावी संस्थेला द्यायची, असे ठरले होते. मोठ्या पिरॅमिडमधल्या राजाच्या दालनाचा नैसर्गिक प्रतिध्वनी म्हणून उपयोग करावा, अशीही एक कल्पना होती. त्यासाठी दालनात यंत्रणा नेली गेली, पण ते काही जमले नाही. क्रॉइट्समन यांचे मनगट मोडलेले होते, त्यामुळे त्यांनी तिन्ही रात्री एकाच हाताने वाजवले. कीथ गॉडशॉ यांचा पियानो सुरात नव्हता. यांतल्या काही अडचणींमुळेच त्या मैफलींची तबकडी तेव्हा निघू शकली नाही. ती तीस वर्षांनी, २००८ मध्ये, दोन सीडी आणि एक डीव्हीडी अशा स्वरूपात आली.

तिसऱ्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. ती भाद्रपदातली पौर्णिमा होती आणि हेच ग्रहण आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर होते. त्या रात्री उत्तरार्धाची सुरुवात बँडने केलीच नाही. ती केली हमझा अल दीन यांनी. हे न्युबियाचे, म्हणजे नाईलच्या वरच्या खोऱ्यातले, ऊद हे छेडून वाजवायचे तंतुवाद्य आणि ‘तार’ वाजवणारे गायक. या ‘तार’ला आपल्या तारेशी काही कर्तव्य नाही, ते लाकडी कड्यावर एका बाजूने चामडे ताणलेले, घुंगरू किंवा चकत्या नसलेले वाद्य आहे. आपल्या डफाच्या कुळातले, पण हातात धरून केवळ बोटांनी वाजवायचे. हमझा यांच्याबरोबर न्युबियन गायकांचा ताफा होता. बारा मात्रांचे एक आवर्तन, त्यावर सगळ्यांच्या टाळ्या, हमझा यांच्या गाण्याची एक ओळ आणि ताफ्याचे उत्तर. बाकी काहीही नाही.

आता मला ज्यासाठी हे लिहावेसे वाटले ते सांगतो. पाहुणा तालवादक म्हटला की बहुतेक मैफलींमध्ये काय होते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. बँडचे गाणे चालू असते, मध्येच जागा मोकळी केली जाते, पाहुणा येऊन पाच मिनिटे जोरात वाजवतो, टाळ्या होतात आणि गाणे पुन्हा आपल्या मूळ वाटेने निघून जाते. पाहुणा तिथे फोडणीपुरता असतो. गिझाला याच्या नेमके उलट घडले. ताल पाहुण्याचा, गाणे पाहुण्याचे, टाळ्या पाहुण्याच्या माणसांच्या, आणि यजमान मात्र हलक्या पावलांनी त्यात शिरतो आहे. गिटारचे सूर प्रथम येतात तेव्हा ते इतके दबकत येतात, की टाळ्यांच्या मागे ते आहेत हे कळायला मला दोन-तीन वेळा ऐकावे लागले. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे आवर्तनभराची तीच ती सुरावट, धरतात, तशी ती गिटार आहे. लेहरा धरणाऱ्याला आवर्तन सांभाळायचे असते आणि स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचे नसते. जगभर नावाजलेला गिटारवादक आपल्याच बँडच्या मंचावर, आपल्याच श्रोत्यांसमोर, लेहऱ्याच्या जागी जाऊन बसतो, हे मला फार मोठे वाटते.

मग बास येतो, ड्रम येतात. टाळ्यांचा जोर कुठे कमी झाला आणि बँडचा कुठे वाढला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. न्युबियन ताफा मागे सरतो आणि आपण कोणत्या क्षणी ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये येऊन पोहोचलो हे आपल्या नंतर लक्षात येते. त्या गाण्यात सूरसंगती (कॉर्ड) दोनच आहेत, या दोन कड्यांवर ते अख्खे गाणे झुलत राहते. तेच गाणे, ज्याचे बीज दोन वर्षांपूर्वी झाकीरभाईंच्या तबल्याच्या शेजारी पडले होते. माहीमच्या घरातून निघालेली लय कॅलिफोर्नियामार्गे नाईलच्या काठावर येते आणि तिथल्या टाळ्यांच्या हाती हात देते. मी हे पुन्हा पुन्हा ऐकतो आहे.

ज्यांनी हे ऐकले असेल त्यांनी कृपया लिहावे. विशेषतः तबल्याचे शिक्षण घेतलेल्यांनी या बारा मात्रांविषयी लिहिले तर मला फार मदत होईल.

लग्गी

मंद्र, लेख फार आवडला. तुमची लेहऱ्याची उपमा मी माझ्या वर्गात वापरणार आहे. गेली बावीस वर्षे तबला शिकवते आहे, म्हणून बारा मात्रांविषयी थोडे लिहिण्याचे धाडस करते.

बारा मात्रा म्हटल्या की आपल्या तोंडात पटकन एकताल किंवा चौताल येतो, पण मात्रांची संख्या जुळली म्हणून ताल जुळत नाही. ताल म्हणजे टाळी-खाली, भरी, ठेक्याचे बोल आणि त्या बोलांचे वजन. एकताल आणि चौताल दोघांच्या मात्रा बारा आहेत आणि विभागही सारखेच आहेत, तरी तबल्यावरचा एकताल आणि पखवाजावरचा चौताल यांचा चेहरा वेगळा असतो, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. म्हणून न्युबियन बारा मात्रांना एकताल म्हणणे मला योग्य वाटत नाही.

तुम्ही लिहिल्यावर मी ते मुद्रण मिळवून ऐकले. माझ्या कानाला जे वाटले ते असे. बारा या संख्येत तीनही आहेत आणि चारही आहेत. तीन-तीनचे चार गट पाडले तर लय झोके घेते, चार-चारचे तीन गट पाडले तर ती चालू लागते. या गाण्यात पायाने एक मोजावे तर हात दुसरे मोजतो. गायकांच्या टाळ्या या दोन्ही शक्यता एकाच वेळी जिवंत ठेवतात, त्यामुळे कंटाळा येत नाही. एकच आवर्तन शंभर वेळा आले तरी ते दर वेळी किंचित वेगळ्या बाजूने दिसते. आपल्याकडे लयकारी दाखवायला आपण आड, कुआड अशा मूळ लयीला तिरक्या जाणाऱ्या लयी करतो. इथे ती लयकारी कोणी ‘दाखवत’ नाही, ती तालाच्या बांधणीतच आहे.

बँडने तिथे चार मात्रांचा सरळ ठोका लादला असता तर हे सगळे एका क्षणात सपाट झाले असते. तो त्यांनी लादला नाही, यात मिकी हार्ट यांची तालीम दिसते. ज्याने अकरा मात्रांत वावर केला आहे त्यालाच बारा मात्रांत गप्प बसता येते.

उत्तररात्र

मी या बँडचा जुना श्रोता आहे आणि म्हणूनच थोडी वेगळी बाजू मांडतो. गिझाच्या मैफलींविषयी बोलताना पिरॅमिड, चंद्रग्रहण, वाळवंट यांचाच प्रभाव आपल्या कानांवर पडतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. वादन म्हणून पाहिले तर त्या तीन रात्री या बँडच्या उत्तम रात्रींमध्ये बसत नाहीत. त्याच्या आदल्या वर्षीची, १९७७ च्या वसंतातली कोणतीही मैफल ऐका आणि मग गिझा ऐका. घट्टपणा, झेप, एकमेकांचे ऐकणे, सगळ्यांत फरक जाणवेल. एका ड्रमवादकाला एकच हात आहे आणि पियानो बेसूर आहे, हे तुम्हीच लिहिले आहे. बँडच्या मंडळींनाही आपण तिथे मनासारखे वाजवले नाही असेच वाटत होते, म्हणून तर ती तबकडी इतकी वर्षे कपाटात राहिली.

आणखी एक. पाहुणा तालवादक हा प्रकार या बँडच्या बाबतीत नंतर बराच वाढला. बाबातुंदे ओलातुंजी, ऐर्तो मोरेरा असे मोठमोठे लोक आले. मैफलीच्या उत्तरार्धात केवळ तालवाद्यांचा एक दीर्घ भाग असे, तिथे या पाहुण्यांना भरपूर जागा मिळे. तो भाग तुम्ही लेखात का आणला नाही?

मंद्र (धागालेखक)

उत्तररात्र, तुमचे बरेचसे म्हणणे मला मान्य आहे. तिन्ही रात्री सलग ऐकल्या तर उणिवा स्पष्ट ऐकू येतात. मी लेखात त्या भागापुरतेच लिहिले, त्याचे कारण हेच. पण एक गोष्ट पाहा. बँड आपल्या नेहमीच्या तयारीत नव्हता, एक हात कमी होता, पियानोवर विसंबता येत नव्हते; आणि जिथे त्यांनी सूत्रे स्वतःच्या हातात घेतली नाहीत, तिथेच त्यांचे सर्वांत चांगले वादन झाले. टाळ्या आणि तार यांनी आवर्तन इतके पक्के धरले होते, की इतरांना केवळ त्यात राहायचे होते. याचा पिरॅमिडांशी संबंध नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात हमझा पुन्हा त्यांच्याबरोबर आले. तिथे वाळवंट नव्हते, ग्रहण नव्हते, तरी ते गाणे उभे राहिले. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून बघा, अशी विनंती आहे.

तालवाद्यांच्या स्वतंत्र भागाविषयी : तो मी जाणूनबुजून वगळला. तिथे पाहुण्याला जागा मिळते हे खरे, पण ती वेगळी काढून दिलेली खोली आहे. बाकीचे वादक त्या वेळी मंचावरून उतरलेले असतात. पाहुण्याच्या तालाने अख्ख्या बँडला वाकवले, असे तिथे घडत नाही. मला ते वाकणे महत्त्वाचे वाटते.

सागरगोटा

मी सॅन राफेलपासून वीस मिनिटांच्या अंतरावर राहते. या धाग्यात सॅन राफेलचे नाव पाहून फार आनंद झाला, कारण आमच्या भागातल्या मराठी मंडळींना अली अकबर महाविद्यालय ठाऊक असते, ग्रेटफुल डेडही ऐकून माहीत असतात, पण या दोन्हींच्या मध्ये एक दार होते आणि ते दार झाकीरभाईंनी उघडून ठेवले होते, याची कल्पना फारशी कुणाला नसते.

त्या दारातून पुढे काय काय आले त्याची थोडी भर घालते. १९९१ मध्ये मिकी हार्ट यांनी ‘प्लॅनेट ड्रम’ केले. त्यात झाकीरभाई होते, घटम वाजवणारे विक्कू विनायकराम होते, ओलातुंजी आणि सिकिरू अडेपोजू हे नायजेरियाचे, ऐर्तो मोरेरा ब्राझीलचे, जोव्हानी हिदाल्गो पोर्तो रिकोचे. जागतिक संगीतासाठी ग्रॅमीने जो स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा या तबकडीला मिळाला. त्यात गिटार नाही, गाण्याच्या ओळी फार थोड्या, आणि तरीही ती लोकांनी घरी नेऊन ऐकली. मंद्र, तुम्ही म्हणता ते ‘वाकणे’ १९७८ मध्ये झाले नसते तर १९९१ ची ही तबकडी झाली असती का, असा प्रश्न मला तुमचा लेख वाचताना पडला.

आणि हो, हमझा अल दीन पुढे आमच्याच सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात स्थायिक झाले होते. २००६ मध्ये बर्कली येथे त्यांचे निधन झाले.

कासव

मला संगीतातले तांत्रिक ज्ञान नाही. पण हमझा अल दीन यांच्याविषयी एक गोष्ट इथे यायलाच हवी असे वाटते, म्हणून पहिल्यांदाच या विभागात लिहितो आहे.

त्यांचे गाव तोश्का. आस्वानच्या मोठ्या धरणाने ते पाण्याखाली गेले. १९६० च्या दशकात न्युबियातली हजारो कुटुंबे उठवली गेली. हमझा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले होते. धरण होणार म्हणजे काय होणार, हे त्यांना आधी कळले. ते आपल्या मुलखातल्या गावागावांत फिरले, गाणी गोळा केली, आणि फिरताना लोकांना येणाऱ्या पाण्याविषयीही सांगितले. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध रचनेचे नाव ‘पाण्याचा रहाट’ असे आहे. बैल रहाट ओढत गोल फिरतो, आणि रहाटही गेला, बैलही गेला, फिरण्याची ती लय मात्र उदात राहिली.

माझ्या आजोळचे गाव कोयनेच्या पाण्यात आहे. आईला पुनर्वसनाच्या गावात लहानाचे मोठे व्हावे लागले. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिला येत होत्या, पण नव्या घरात जाते मांडलेच नाही, म्हणून ती त्या नुसत्या तोंडाने म्हणायची आणि म्हणताना उजवा हात जमिनीलगत गोल फिरवायची. त्या हाताशिवाय तिला पुढची ओळ आठवत नसे.

तुम्ही ज्या टाळ्यांविषयी लिहिले आहे त्या मी काल ऐकल्या. त्या साथीच्या टाळ्या नाहीत. गाव गेल्यावर माणसांच्या हातात जे उरते ते त्या टाळ्यांत आहे, असे मला ऐकताना वाटले. म्हणून बँडने त्यांच्यावर आपले वादन चढवले नाही, याबद्दल मला त्या मंडळींविषयी आदर वाटला.

मंद्र (धागालेखक)

कासव, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. रहाटाची रचना मी ऐकलेली आहे. पण आईच्या हाताचे तुम्ही लिहिल्यावर ती पुन्हा ऐकली आणि या वेळी ती वेगळीच ऐकू आली. मनापासून आभार.

सागरगोटा, १९७८ नसते तर १९९१ झाले असते का, याचे उत्तर देण्याइतका माझा अधिकार नाही. मात्र मुळाशी जायचे तर मी १९७८ च्याही मागे, ‘दिगा’पाशी जाईन. तिथे हार्ट हे झाकीरभाईंच्या विद्यार्थ्यांच्या मेळ्यात जाऊन बसले होते, म्हणजे प्रसिद्ध बँडचा वादक स्वतः पाहुणा झाला होता. पाहुणा होऊन आलेल्यालाच पुढे पाहुण्याचे कसे करावे ते समजते.

उत्तररात्र

मंद्र यांच्या सांगण्यावरून विंटरलँड आणि गिझा एकापाठोपाठ ऐकले. या बँडने श्रोत्यांना मैफली ध्वनिमुद्रित करू दिल्या आणि १९८४ पासून त्यासाठी सभागृहात स्वतंत्र जागाही राखून ठेवली, त्यामुळे आज आपण घरबसल्या अशी तुलना करू शकतो. आपल्या बैठकींच्या बाबतीत किती मोठा ठेवा अशा उदारपणाअभावी गेला, याची या निमित्ताने हळहळ वाटली.

तिन्ही रात्रींविषयीचे माझे मत बदललेले नाही, पण त्या एका भागाविषयीचे बदलले आहे. मी आजवर तो भाग ‘फायर ऑन द माउंटन’ची प्रस्तावना म्हणून ऐकत होतो आणि गाणे सुरू होण्याची वाट पाहत होतो. काल मी गाण्याची वाट पाहिली नाही. तेव्हा लक्षात आले, की गाणे सुरू झाल्यावरसुद्धा ड्रमच्या खाली ती बारा मात्रांची ओढ काही काळ शिल्लक राहते आणि मग विरते.

लग्गी

उत्तररात्र, ती ओढ मलाही जाणवली आणि ती नेमकी कुठे विरते हे शोधण्यासाठी मी काल एक प्रयोग केला. रविवारच्या वर्गाला सात मुले होती, वय वर्षे नऊ ते चौदा. तबले बाजूला ठेवायला लावले, सगळ्यांना सतरंजीवर गोल बसवले आणि ते मुद्रण लावून टाळ्या धरायला सांगितल्या. बोल नाहीत, मोजणे नाही, फक्त त्या गायकांसारखी टाळी. पहिली काही आवर्तने गोंधळ झाला, मग सगळे हात एकत्र आले. गिटार आली तेव्हा मुलांनी तिची दखलही घेतली नाही. ड्रम वाढू लागले तसे मोठ्या मुलांचे हात एकेक करून चार मात्रांकडे ओढले गेले. कुणाला आपले काही बदलले हे कळलेही नाही. नऊ वर्षांची एक मुलगी मात्र डोळे मिटून जुनीच टाळी देत राहिली. गाणे पूर्ण सुरू झाले, बाकी सगळे चारात आले, तरी तिची बारा मात्रांची टाळी चालू होती आणि ती कुठेही चुकत नव्हती. शेवटी तिने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, “बाई, ते लोक कधी गेले?”

मी मुद्रण पुन्हा पहिल्यापासून लावले.